माळशेज घाटातली ढकलगाडी

"ॲम्ब्युलन्समधून मी माहेरी जाणार नाही," काकूने एकदा सांगून टाकलं आणि विषय तिथेच मिटवला.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. राहायची डोंबिवलीत, तळमजल्यावर. माळ्यावरचं पातेलं काढताना स्टुलावरून पडल्याचं निमित्त झालं आणि तिचा मणका कायमचा दुखावला. धरून उभी केली तर ती क्षण दोन क्षण उभी राहायची, उशांना टेकवून बसवली तर चार घास खाईपर्यंत बसायची. बाकी सगळा दिवस आडवी. तिची आई माळशेज घाटाच्या वर, ओतूरच्या पुढच्या एका खेड्यात होती आणि म्हातारपणामुळे तिला खाली उतरणं शक्य नव्हतं. खाली आडवी झालेली लेक आणि वर थकलेली आई, अशी दोघींची कित्येक वर्षं भेट नव्हती. तिकडून येणाऱ्या प्रत्येकाबरोबर आईचा एकच निरोप असायचा, एकदा येऊन जा.

डॉक्टर म्हणाले, झोपून प्रवास करायला हरकत नाही. म्हणून ॲम्ब्युलन्सचा विषय निघाला होता. त्यावर काकूचं उत्तर असं, "आमच्या गावात ॲम्ब्युलन्स कशाला येते ठाऊक आहे ना? ती नुसती बोळाच्या तोंडाशी दिसली तरी आईचा जीव जाईल. मला आणलं म्हणून नाही जायचंय तिकडे. राहायला आले म्हणून जायचंय."

काकूचा स्वभाव माझ्यासारखाच. म्हणजे तिखट. आम्हां दोघींचं त्यामुळेच जमायचं. मी तेव्हा ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ आईवडिलांकडे राहायचे, बँकेत नोकरी करायचे आणि दर रविवारी डोंबिवलीला तिच्याशी भांडायला जायचे. काका तिथल्याच औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीच्या मेंटेनन्स खात्यात होता. पिंपं उचलणाऱ्या बॅटरीवरच्या फोर्कलिफ्ट गाड्या दुरुस्त करणं हे त्याचं काम. चाकं असलेली कुठलीही वस्तू तो दुरुस्त करायचा. चालवायला बसला की मात्र आजूबाजूची माणसं आपापली मुलं उचलून घ्यायची. बढाया मारण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. साधा कुकरच्या झाकणाचा दांडा बसवला तरी आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दाखवायचा.

हा माणूस काकूचं बोलणं ऐकून गप्प राहिला तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती. पुढच्या रविवारी मी गेले तर इमारतीशेजारच्या मोकळ्या जागेत एक अख्खी बस उभी. कोलशेतच्या कुठल्याशा कारखान्याची कामगार ने-आण करणारी बस भंगारात निघाली होती, ती काकाने उचलून आणली होती.

"यात ती झोपून जाईल," काका म्हणाला. "पण झोपायला पलंग असेल, चहाला स्टोव्ह असेल, खिडकीला पडदे असतील. घर घेऊन माहेरी जायचं. बोला."

मी बोलले. बरंच बोलले. माझे वडील माझ्याहून जास्त बोलले. पण ती मोकळी जागा ज्यांची होती ते शेजारचे आगरी जमीनदार मात्र खूश झाले. एकेकाळी मिठागरावर राबलेलं घर, आता शेतात इमारती उभ्या राहिलेल्या, आणि या गृहस्थांना बसून बसून कंटाळा आलेला. तरुणपणी त्यांनी ट्रक चालवले होते. सगळे त्यांना दादूस म्हणायचे. त्यांनी बसभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाले, "गारी जुनी हाय, पन मी बी जुनाच हाय. वयनीला मी नेतो."

पावसाळाभर काका त्या बसमध्ये राबला. मागच्या काचेला लागून त्याने आडवा पलंग बसवला, म्हणजे काकूला कुशीवर वळलं की मागचा रस्ता दिसावा. काकू घरातल्या पलंगावरून हुकूम सोडायची. मिसळणाचा डबा हाताशी हवा, आरसा हवा, जुन्या साडीचे पडदे चालतील पण हिरव्या साडीचे नकोत. मी नाक मुरडतच पडदे शिवले. शिवून टांगल्यावर आत उभी राहिले आणि मनातल्या मनात म्हटलं, हे खरंच घर झालंय की!

पण माहेरच्या घरापर्यंत ही बस जाणार नव्हती. घर बोळात होतं आणि बोळात बैलगाडीसुद्धा जपूनच जायची. त्यासाठी काकाने कुठूनशी एक छोटी जुनी कार आणली. तिचं इंजिन बाद झालेलं. ते काढून त्या जागी त्याने भंगारातल्या फोर्कलिफ्टची विजेची मोटर बसवली आणि डिकीत ट्रकच्या बॅटऱ्या रचल्या. डाव्या बाजूच्या सीट काढून तिथे फळी टाकली, फळीवर गादी. बसच्या मागे लोखंडी दांड्याने ही कार जोडून न्यायची, गावात पोचलं की सोडवायची आणि काकूला तीत झोपवून दारापर्यंत न्यायचं, असा बेत. ती चालवायची मी, कारण घरात लायसन असलेली मी एकटी.

बस सजली, कार जोडली, आणि एका रविवारी काकूला घरी ठेवून आम्ही चाचणीला निघालो. कल्याणच्या पत्री पुलावर जेमतेम निम्म्यावर गेलो आणि बस थांबली. इंजिन घरघरत होतं, धूर निघत होता, बस तसूभर हलत नव्हती. मागे गाड्यांची रांग लागली आणि लोकांनी आमचा मनसोक्त उद्धार केला. एकजण म्हणाला, "काकी, घर इथेच बांधणार काय?" काकी मी! मी चोवीस-पंचवीसची होते. शेवटी चार माणसांनी धक्का दिला तेव्हा आम्ही पलीकडे उतरलो.

घरी आल्यावर काकूने काय झालं ते आमच्या चेहऱ्यांवरून ओळखलं. ती काही टोचून बोलेल म्हणून मी वाट पाहत होते. ती नुसती भिंतीकडे वळली. पूल चढत नाही ते घाट काय चढणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिच्या पाठमोऱ्या खांद्यांकडे पाहून मला भडभडून आलं आणि काकाचा अस्सा राग आला की विचारू नका.

काका मात्र जेवता जेवता एकदम थांबला. "चार माणसांनी धक्का दिला," तो म्हणाला. "चारच."

"मग?"

"मग मागे मोटर आहे ना आपल्याकडे. ओढून नेतोय ती कशाला? ढकलू दे की तिला."

माझं बी.एस्सी. फिजिक्समधलं होतं आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. मी म्हटलं, "आणि बॅटरी? बोळात शिरायच्या आधीच घाटात संपेल ती. मग काकूला खांद्यावरून नेणार?"

"सपाटीला परत भरेल. बस ओढत असताना कारची चाकं फिरतातच ना? खटका उलटा टाकला की तीच मोटर डायनमो. बस ओढणार आणि ही भरून घेणार. चढ आला की जे घेतलं ते परत देणार."

"काका, फुकट काही मिळत नसतं. डायनमो फिरवायला बसचंच डिझेल जास्त जळणार."

"जळू दे. मला फुकट कुठे हवंय? मला वेळेवर हवंय."

त्याचं बरोबर होतं आणि माझंही बरोबर होतं. बसला सपाटीवर ताकद उरत होती आणि चढावर कमी पडत होती. तिथली उरलेली इथे आणायची, एवढंच त्याचं म्हणणं. पुस्तकात हे सगळं मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलंही होतं. भाजी चिरायच्या विळीशेजारी बसून कोणी ते असं वापरायला काढेल, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्याच पुलावर त्याच जागी बस रडायला लागली. मी कारमध्ये होते. पुढे बसची मोठी पाठ, तिच्यावर काकूच्या पडद्यांची मागची बाजू. मी पेडल दाबलं. काहीच आवाज आला नाही. इंजिन गुरगुरत नाही, गाडी थरथरत नाही, फक्त माझी पाठ सीटला हलकेच टेकली आणि समोरची ती एवढी मोठी बस पुढे सरकली. माझ्या पावलाखाली, विनाआवाज. पूल ओलांडून उतारावर खटका उलटा टाकला तर मीटरचा काटा हळूहळू उजवीकडे चढायला लागला, आणि मी एकटीच गाडीत बसून "अरे बापरे, अरे बापरे" म्हणत राहिले.

एक अडचण तेव्हाच कळली. वळणावर ढकलायचं नाही. दांडा सरळ असेल तर बस पुढे जाते, दांडा वाकडा असताना ढकललं तर बसचं शेपूट बाजूला फेकलं जातं. घाटात बाजूला दरी. मला कारमधून बसच्या पाठीशिवाय काही दिसत नव्हतं, दादूसना मागचं काही दिसत नव्हतं. दांडा नीट दिसेल अशी जागा एकच, बसची मागची काच. काकाने तिथून कारमध्ये दोरी नेऊन घंटी बांधली. नियम एसटीचाच ठेवला, कारण तो कोणाला शिकवावा लागत नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दोरी कोण धरणार, यावर काका म्हणाला, मी. पण घाटात त्याला पुढे दादूसशेजारी बसून रेडिएटरकडे बघायचं होतं आणि बस थांबली तर उडी मारून चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा होता.

"दोरी माझ्याकडे द्या," काकू म्हणाली. "नाहीतरी मी तिथेच पडलेली असणार."

काका घुटमळला. तिला त्रास होईल वगैरे म्हणाला. काकू म्हणाली, "अहो, हात दुखावलेत का माझे? की डोळे?"

दिवाळी उलटल्यावर आम्ही निघालो. दादूसनी बससमोर नारळ फोडला, कारसमोरही एक फोडला. काकूला चौघांनी गादीसकट उचलून आत नेलं. मुरबाडपर्यंतचा रस्ता मजेत गेला. काकूने माझ्या शिवणीला नावं ठेवली, दादूस गाणी म्हणाले, आणि कारमधला काटा जाईल तिथपर्यंत चढून बसला. काटा चढत होता तसे दादूस मात्र गाडी ओढली जात नाही म्हणून कुरकुरत होते. टोकावड्याला चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, "मागशी कोन धरलाय गारीला? वर्‍हता वर्‍हता मी दमलो." काका हसून म्हणाला, "धरलेलंच आहे, दादूस. थोड्या वेळाने सोडणार बघा."

आणि मग घाट. गवत पिवळं पडलेलं, कड्यांवर अजून पाण्याच्या ओल्या रेघा. मी बाहेर फार पाहिलंच नाही. मी दोन गोष्टींकडे पाहत होते, घंटीकडे आणि काचेमागच्या काकूच्या चेहऱ्याकडे. पहिला चढ आला, बस कण्हायला लागली, आणि दोन घंट्या झाल्या. मी दाबलं. वळण आलं, एक घंटी. मी सोडलं. पुन्हा दोन. पुन्हा एक. थोड्या वेळाने मी विचार करणंच बंद केलं. घंटी वाजायची आणि माझा पाय हलायचा. खूप वर्षांत मी काकूचा तसा चेहरा पाहिला नव्हता. कपाळाला आठी, डोळे खाली दांड्यावर, ओठ घट्ट मिटलेले. घरी पलंगावर आडवी असलेली बाई आणि इथली ही बाई, दोघी एकच आहेत हे मला पटेना.

वरच्या अंगाला एका मोठ्या वळणातून बाहेर पडता पडता बस थांबली. क्लचचा जळका वास माझ्यापर्यंत आला. काका उडी मारून उतरला, ठोकळा लावला आणि ओरडला, "दोन दे! दोन!"

वाजली एकच.

दादूस पुढून ओरडले, "वयनी, आता मागशी धक्का आला त चरल, नायतर नाय!"

काकू काचेमागे हलली नाही. काका धावत मागे आला. तो घामाने भिजलेला होता आणि इतका घाबरलेला मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. "अगं, दोन दे ना! बस मागे आली तर?"

काकूने काच सरकवली. तिचा आवाज शांत होता, घरात आमटीत मीठ कमी आहे म्हणते तसा. "दांडा वाकडा आहे. आत्ता ढकललं तर मी दरीत जाईन आणि ही पोरगी माझ्या मागे येईल. दादूसना म्हणावं, चाक उजवीकडे घेऊन हातभर पुढे या. कसंही करा, पण हातभर याच. मग देते."

काकाने दांड्याकडे पाहिलं. मग पुढे धावला. इंजिन किंचाळलं, वास आणखी वाढला, आणि बस खरंच हातभर, अगदी हातभरच, सरकली. मी काकूकडे पाहत होते. तिने दांडा पाहिला, डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिला.

दोन घंट्या.

मी पेडल तळापर्यंत दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग ती बस, तो पलंग, तो स्टोव्ह, दादूस, काका आणि काकू, असं सगळं मिळून हळूच वर निघालं. मी रडत होते का हसत होते, मला आठवत नाही. काचेमागे काकू दोरी धरून होती आणि तिच्या चेहऱ्यावरची आठी गेलेली होती.

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा मीटरचा काटा डावीकडे पार झोपला होता. दादूस बसच्या पायरीवर बसले आणि मान हलवत राहिले. "एवरी वर्षं ट्रक चालवला," ते म्हणाले, "पन झोपलेल्या बाईने मना घाट चरवला." काका कारजवळ आला, काटा पाहिला आणि त्याचं तोंड उतरलं. वर तर आलो, पण बोळ राहिला होता. आता पुढचा सपाट रस्ता कार किती भरून घेते, यावर काकू दारापर्यंत जाणार की बसमध्येच राहणार ते ठरायचं होतं.

मी खटका उलटा टाकला. घाटातल्यापेक्षा तो रस्ता मला जास्त लांब वाटला. काटा हलतोय असं वाटायचं आणि नीट पाहिलं की तिथेच असायचा. ओतूर आलं तेव्हा तो थोडा उचलला होता. पुरेल की नाही, ते काकालाही सांगता येईना. मी त्या काट्याला उघड उघड विनवत होते.

गावाच्या तोंडाशी बस थांबवली, दांडा काढला, काकूला कारमधल्या गादीवर घेतलं. तिने केस सारखे करून मागितले. आरसा मागितला. पदर दोनदा नीट केला. मग मी पेडलवर पाय ठेवला, आणि त्या कारने आम्हाला बोळातून पुढे नेलं. काका बाजूने चालत होता, एक हात टपावर ठेवून, जणू एखाद्या जनावराला चुचकारत. गुरं दचकली नाहीत, ओट्यावरच्या बायकांनी मान वर केली नाही. दाराच्या पायरीला दार घासेल इतकी जवळ मी गाडी नेली, आणि तिथेच ती आपणहून थांबली. मी पुन्हा दाबून पाहिलं. काही उरलं नव्हतं.

काकूची आई दारातच होती. हातात भाकरतुकडा, शेजारी पाण्याचा तांब्या. लेक येणार म्हणून सकाळपासून उभी असावी. ती आमच्याकडे पाहत होती, पण नजर आमच्या पलीकडे कुठेतरी होती, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की म्हातारीला आता दिसत नाही. आम्हाला हे कोणी कळवलं नव्हतं. बहुधा तिनेच कळवू दिलं नसेल.

काका आणि मी काकूला दोन्हीकडून धरून उचललं आणि उंबऱ्यासमोर उभं केलं. "आई," काकू म्हणाली.

म्हातारी दचकली. मग तिने भाकरतुकडा ओवाळून मागे टाकला, चाचपडत काकूच्या पायांवर पाणी घातलं आणि ओल्या हाताने तिचं तोंड, खांदे, दंड, कंबर असं चाचपत खाली पायापर्यंत गेली. पावलं जमिनीवर टेकलेली आहेत हे तिच्या हाताला कळलं. तिचा हात तिथेच थांबला.

"गाडीचा आवाज नाही आला," ती म्हणाली. "मी कवाधरनं कान लावून उभी हाय. चालत आलीस व्हय गं?"

काकूचं सगळं अंग आमच्या हातांत थरथरत होतं. उभं राहायची तिची ताकद संपत आली होती. तिने एकदा काकाकडे पाहिलं.

"हो आई," ती म्हणाली. "चालत आले."

आम्ही तिथे आठवडाभर राहिलो. काकू आईशेजारी पडून असायची, प्रवासाने दमलेय म्हणायची. रोज भेटायला येणाऱ्यांना काकाने बस दाखवली, पलंग दाखवला, घाट कसा चढलो ते हातवारे करून सांगितलं. पण ती कार त्याने पहिल्याच संध्याकाळी दादूसबरोबर हाताने ढकलत बोळाबाहेर नेली होती, बसच्या पलीकडे लावून वर ताडपत्री टाकली होती. आयुष्यात त्याने बनवलेली सगळ्यात भारी वस्तू ती, आणि तिच्याबद्दल त्या घरात त्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. म्हातारी त्यानंतर आणखी काही वर्षं जगली. माझी लेक बरी झाली, रस्त्यापासून दारापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आली, असं ती शेवटपर्यंत सगळ्या गावाला सांगत होती.